पहिली-दुसरीच्या वर्गात ईद कशी घ्यायची? चंद्रापासून सुरू करा

पहिलीच्या वर्गात एकदा विचारलं, उद्या सुट्टी कशाची रे? अर्धा वर्ग ओरडला, ईदची! म्हणलं ईद म्हणजे काय? तर मागच्या ओळीतलं एक पोरगं उठून उभं राहिलं आणि एकच शब्द बोललं, "शेवया." आणि बसलं खाली. त्याच्या हिशोबानं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, कारण शेजारच्या घरातून दरवर्षी त्याच्याकडं स्टीलचा एक डबा येतो आणि दिवाळीला तोच डबा करंज्या भरून परत जातो. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे आपल्याकडं लेकरालाही माहीत असतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बरीच वर्षं पहिली-दुसरीच घेते. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रमजान सुरू झाला की कुणीतरी विचारतंच, ईदवर काही उपक्रम आहे का, असेल तर पीडीएफ टाका. पीडीएफ येते. त्यात मशिदीचं चित्र रंगवायचं, खाली ईद मुबारक ठिपक्यांवरून गिरवायचं, झालं. लेकरं रंगवतात, हिरवा खडू संपतो, विषय संपतो. माझ्याकडं पीडीएफ नाही पण मी काय करते, कुठं कुठं चुकले ते सांगते, तुमच्या वर्गाला जमेल तेवढं घ्या.

सगळ्यात आधी ती नेहमीची शंका, सरकारी शाळेत हे चालतं का? चालतं. संविधानाचं कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि कुठल्या लेकराला प्रार्थना-पूजेत जबरदस्तीनं बसवायचं नाही. पण वेगवेगळ्या धर्मांची माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सांगितलेलं आहे. मी साधा फरक धरते. "मुस्लिम लोक ईदच्या सकाळी ईदगाहवर नमाज पढतात" हे सांगायचं, "चला आपण पण नमाज पढून बघू" हे करायचं नाही. गणपतीलाही माझा हाच नियम आहे, आरतीत उभं राहायलाच पाहिजे असं मी कुणाला म्हणत नाही.

तरी पालकांना आधी सांगून ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला दोन वाक्यं बोलायची, की या महिन्यात चंद्र बघायचा उपक्रम आहे, ईदचं आहे, गुढीपाडव्याचं आहे. मी एका वर्षी हे विसरले आणि एका पालकानं गेटवर अडवून विचारलं, मॅडम हे काय शिकवायलात? मी काही भाषण दिलं नाही, त्यांच्या पोरीची चंद्राची वही हातात दिली. त्यांनी चार पानं उलटली, म्हणले, "ही आमची पोरगी काढली का? रोज संध्याकाळी गच्चीवर कामून पळते ते आत्ता कळलं." विषय तिथंच मिटला, पण दरवेळी असा मिटेलच असं नाही म्हणून आधी सांगा.

आता चंद्र. माझा सगळा ईदचा पाठ चंद्रावर उभा आहे. कारण चंद्र सगळ्यांचा आहे, फुकट आहे, आणि लेकरांना तो आधीपासून ओळखीचा आहे, चांदोमामा म्हणून. रमजान सुरू व्हायच्या आठ दिवस आधी प्रत्येकाला एक बारकी वही करायला लावते, पाठकोऱ्या कागदाची, मध्ये दोऱ्यानं शिवलेली. रोज संध्याकाळी चंद्र बघायचा, दिसला तर काढायचा, नाही दिसला तर पान कोरं सोडायचं नाही, "नाही दिसला" लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं फुली मारायची. पहिले काही दिवस फुल्याच फुल्या, लेकरं कंटाळतात, एखादं तर पुस्तकातला चंद्र बघून काढून आणतं (ओळखू येतं, कारण अमावस्येला पौर्णिमा काढलेली असते). अमावस्या झाली की मग सांगायचं, आता दिवस मावळल्या मावळल्या पश्चिमेकडं बघा, बाभळीच्या वर, अगदी नखाएवढी कोर दिसेल आणि थोड्या वेळात बुडेल, उशीर केला तर गेली.

ही कोर म्हणजे आपली बीजेची कोर. मराठी बायका कपाळाला लावतात ती चंद्रकोर. लेकरांना हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. तीच कोर दिसली की रमजान सुरू, आणि पुढच्या महिन्यात तीच कोर परत दिसली की दुसऱ्या दिवशी ईद. त्या रात्रीला चांदरात म्हणतात. महिना एकोणतीसचा होणार का तीसचा हे त्या कोरीवर ठरतं, म्हणून तर ईदची सुट्टी उद्या का परवा हा गोंधळ असतो आणि आपण शिक्षक रात्री नऊपर्यंत ग्रुपवर विचारत बसतो. लेकरांना हा गोंधळ लै आवडतो. सुट्टी चंद्र ठरवतो, हेडमास्तर ठरवत नाहीत.

एक गंमत सांगते, वहीमधून कळलेली. लेकरं चंद्र काढायला बसली की इंग्रजी सी सारखा उभा काढतात, कारण छापील चित्रात तसाच असतो. पण आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळची कोर जवळजवळ आडवी दिसते, होडीसारखी. एका पोरीनं आडवी काढली होती आणि बाकीचे तिला हसत होते. त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, आज घरी जाऊन नीट बघा मग हसा. दुसऱ्या दिवशी बावीस होड्या आल्या. आणि कोरीच्या पोटात चांदणी काढायची सवय पण बघा मोडता आली तर, तिथं चंद्राचाच काळा भाग असतो, त्याच्या आत तारा दिसणार कसा? हा प्रश्न मला एका पहिलीच्या पोरानं विचारलेला, माझ्या डोक्यात तोवर आला नव्हता.

तिसरी-चौथीची लेकरं असतील तर कॅलेंडर काढा. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरमध्ये मुस्लिम महिने बारीक अक्षरात छापलेले असतात, ते शोधायला लावा. मग तारखा फळ्यावर मांडा. २०२४ ला गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ ला पाडवा ३० मार्चला, ईद ३१ मार्चला. लेकरं म्हणतात जोडीनं चाललेत की! मग मागं जा, २०२२ ला ईद ३ मेला आणि त्याच दिवशी अक्षय तृतीया, २०२३ ला २२ एप्रिलला ईद आणि परत त्याच दिवशी अक्षय तृतीया. म्हणजे दोन वर्षं अक्षय तृतीयेसोबत चालली आणि मग एकदम पाडव्याजवळ कशी गेली? मधे काय झालं? कुणाच्या तरी आजीला माहीत असतं, मधे धोंड्याचा महिना आला होता, २०२३ चा अधिक श्रावण. तिथंच सगळं उलगडतं. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं, वर्षाला दहा-अकरा दिवसांचा फरक पडतो. आपल्या पंचांगात तो फरक साठला की जादाचा महिना घालून भरून काढतात, जावयाला धोंडे खायला बोलवायचा तो महिना. मुस्लिमांच्या हिजरी वर्षात असा महिना घालत नाहीत, म्हणून मुस्लिम सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून एक चक्कर मारून येतात. १९९९ च्या डिसेंबरात रमजान होता, मला आठवतंय आमच्या वाड्यातल्या चाची सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठायच्या तेव्हा चुलीपुढं शेकत बसायच्या. नंतर मे-जूनमधले रमजान आले, आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत पाण्याचा थेंब नाही.

मला वाटतं मराठवाड्यातल्या लेकराला हे समजणं सोपं जातं, कारण आपले मराठी महिने पण अमावस्येनंतरच सुरू होतात. दोन्हीकडचे महिने मागंपुढं एक-दोन दिवसांच्या फरकानं बरोबरच उघडतात. म्हणून तिकडची दहावी तारीख आणि इकडची एकादशी गाठ पडते. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, आठवत असेल, किती तरी गावांतल्या मुस्लिम लोकांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली तर मिलादचे जुलूस एक दिवस पुढं ढकलले, सरकारनं सुट्टीही २९ ला दिली. हे लेकरांना गोष्टीसारखं सांगा, फळ्यावर दोन गोल काढून.

रोजा समजावताना एक चूक सगळे करतात. "रोजा म्हणजे त्यांचा उपवास" एवढंच सांगून मोकळे होतात. मग लेकरू विचारतं, मग ते साबुदाणा खातात का भगर? म्हणून नीट सांगायचं, पहाट फुटायच्या आधी जेवायचं त्याला सहेरी म्हणतात, मग सूर्य मावळेपर्यंत खायचं नाही आणि पाणीही प्यायचं नाही, मावळला की खजूर आणि पाण्यानं रोजा सोडायचा, ती इफ्तार. आजारी माणूस, प्रवासातला, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना सूट असते आणि लहान लेकरांवर तर रोजा बंधनकारकच नाही. हे शेवटचं दोनदा सांगा. नाहीतर वर्गात "तू धरला का, तू का नाही धरला" सुरू होतं, आणि ज्या लेकरानं धरला नाही ते खाली मान घालून बसतं. माझा उपवास मोठा का तुझा रोजा मोठा अशी चढाओढ पण होते बरं का, एका वर्षी एका पोरानं सांगून टाकलं की आमची आजी निर्जळी एकादशी करते, तुमच्यापेक्षा भारी. मी म्हणलं तुझ्या आजीला आणि हिच्या दादीला एकदा बोलायला बसवू, त्या दोघी एकमेकीच्या गुडघ्याचं विचारतील. खरंच तसंच झालं नंतर.

वरच्या वर्गातलं एखादं लेकरू रोजा धरून येतं. पहिला रोजा असेल तर घरी रोजा कुशाई करतात, हार घालतात, नवे कपडे, पेपरात फोटो येतो. त्या दिवशी मैदानावर पळवू नका, सावलीत गोट्या-काचापाणी खेळू द्या. शालेय पोषण आहाराच्या वेळी पंगतीत बसवायचं का नाही ते त्यालाच विचारा, काहींना ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसायला बरं वाटतं, काहींना मित्रांतच राहायचं असतं. "अरे घोटभर पी, कोण बघतंय" असं मायेनं पण म्हणू नका. आणि चक्कर आली तर मात्र वाट बघू नका, घरी फोन लावा, घरचेच सांगतील पाणी द्या म्हणून. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चकडं सरकलाय, सकाळची शाळा सुरू झालेली असते, सहेरीला उठलेलं लेकरू दुसऱ्या तासाला डुलक्या घेतं. घेऊ द्या.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वर्गात मुस्लिम लेकरं दोन-तीनच असतील तर त्यांना उभं करून "चल सांग, तुमच्यात काय काय असतं" असं विचारू नका. मी पण आधी करायचे. चांगल्या हेतूनंच करायचे, वाटायचं लेकराला मान मिळतोय. एकदा एका पोरीला उभं केलं, ती बराच वेळ फ्रॉकचं टोक पिळत राहिली आणि मग म्हणली, "मॅडम, मला नाही माहीत, अम्मीला माहीत." सहा वर्षांच्या लेकराला सगळ्या धर्माची उत्तरं कुठून माहीत असणार, मला तरी सहाव्या वर्षी घटस्थापना का करतात ते माहीत होतं का? आणि त्यातलं "तुमच्यात" हे वाईट. एका शब्दानं लेकरू वर्गातून उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं. त्याऐवजी प्रश्न सगळ्यांना विचारा. ईदला तुमच्या घरी कुणाचा डबा येतो? तुम्ही कुणाकडं जाता? तुमच्या गल्लीत चंद्र आधी कुणाला दिसतो? मग सगळे हात वर येतात, आणि ज्याला आपणहून सांगायचंय ते सांगतं.

माहिती सांगायला मोठं माणूस बोलवा. मी दादीला बोलवते, कुणाच्या तरी. अब्बा लोक कामावर असतात आणि आले तरी लाजतात, मौलाना साहेबांना बोलवलं तर कार्यक्रमच होतो, सत्कार, शाल, नारळ, लेकरं उन्हात बसून. दादी आली की कार्यक्रम होत नाही. एका वर्षी आलेल्या दादीनं खुर्ची नको म्हणलं, खाली पट्टीवर बसल्या, पिशवीतनं अडकित्ता काढला आणि वाळलेली खारीक कातरायला सुरुवात केली, कट कट कट, बोलणं एकीकडं चालू. बिया बाजूला, काप बाजूला. भिजवलेली चारोळी एका ताटलीत लेकरांपुढं सरकवली, म्हणल्या चोळा रे, साल निघते. वीस बोटं त्या ताटलीत. चारोळी ताटलीत कमी आणि तोंडात जास्त जायली हे त्यांनी बघितलं, बोलल्या काही नाहीत, फक्त पुडीतली अजून मूठभर काढली. भाषा त्यांची दखनी, "हौ बेटा", "नक्को बेटा", आणि मधेच एका पोरानं विचारलं, मॅडम ह्या मराठी बोलायल्यात का हिंदी? म्हणलं नक्को शब्द ऐक बरं, तुझाच आहे ना तो.

शीरखुर्मा शाळेत करायचा तर आमचं माप असं. तीस लेकरांना अर्धी-अर्धी वाटी धरून तीन लिटर दूध, दीड-दोनशे ग्रॅम अगदी बारीक शेवया, साखर पाव किलोला थोडी वर, पंधरा-वीस खारका, मूठभर चारोळी, खोबऱ्याचे काप, चार चमचे तूप. तुपात शेवया बदामी रंगावर परतून काढून ठेवायच्या, त्याच तुपात सुकामेवा, मग दूध आटवायचं खारीक घालून, साखर, आणि शेवया सगळ्यात शेवटी. आधी घातल्या तर वाढेपर्यंत खळ होते, ही आमच्या पोषण आहाराच्या ताईनं केलेली खळ आम्ही एकदा चमच्यानं कापून खाल्ली आहे. काजू-बदामानं अंगावर पित्त उठणारं लेकरू असतं, ते आदल्या दिवशी घरी विचारून घ्या. शीर म्हणजे फारसीत दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, एवढंच नाव आहे त्याचं. आणि हे शीर आणि आपलं संस्कृतातलं क्षीर हे एकाच घरातले शब्द, आपली खीर त्यातलीच. फळ्यावर लिहून दाखवलं की दुसरीच्या लेकरालाही मजा वाटते. त्याच तासाला दप्तर, कागद, शाई, हजेरी, तारीख हे शब्द पण अरबी-फारसीतून आलेत म्हणून सांगते, हजेरी घेताना दोन दिवस हसतात. एक मात्र बघा, हे सगळं ईद झाल्यावर करा. रमजान चालू असताना दुपारी बारा वाजता वर्गात दूध उकळायचं आणि बोलावलेली दादी रोज्यात, असं आमच्याच ओळखीतल्या एका शाळेत झालंय.

ईदीचं आणि फित्र्याचं पण सांगा. ईदी लेकरांना माहीतच असते, दहा-वीसच्या कोऱ्या नोटा. फित्रा माहीत नसतो. ईदच्या नमाजाच्या आधी घरातल्या प्रत्येक माणसामागं, तान्ह्या लेकरामागंसुद्धा, ठरलेल्या मापाचं धान्य नाहीतर त्याची किंमत गरिबाला द्यायची, म्हणजे ईदच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये. रमजान ईदचं पूर्ण नाव ईद-उल-फित्र आहे ते लेकरांना इथंच सांगते. त्या आठवड्यात गणितात मापं घ्या, ज्वारी-गहू मोजा, घरात सात माणसं तर किती मापं? बेरजेचं उदाहरण आयतं मिळतं.

बकरी ईद. इथं सगळे शिक्षक गडबडतात. सध्या ती उन्हाळी सुट्टीत पडायलीय, त्यामुळं शाळेत घ्यायची वेळ फारशी येत नाही, पण लेकरं जूनमध्ये येऊन विचारतात, मॅडम बकरा कापतात ना? खोटं बोलू नका आणि वर्णनही करू नका. हो कापतात, त्याला कुर्बानी म्हणतात, मटणाचे तीन वाटे करतात, एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. इब्राहिम पैगंबरांची देवावरची श्रद्धा त्या दिवशी आठवतात आणि त्याच दिवसांत लोक मक्केला हजला गेलेले असतात. पहिलीला एवढं पुरे, गोष्ट सविस्तर पाचवीच्या पुढं. आपल्या गावाकडच्या लेकरांना बकऱ्याचं काही नवल नसतं, एक जण लगेच म्हणतं "आमची पण कंदुरी असते पिराला", दुसरं म्हणतं "आम्ही माळकरी, आमच्यात नाही चालत". दोन्ही खरंय म्हणायचं आणि पुढं जायचं. नाक मुरडणारं लेकरू असेल तर त्याला वर्गासमोर रागवू नका, घरी ऐकलेलं असतं ते, तिसऱ्या वाट्याबद्दल त्यालाच विचारा, तो कुणाला द्यावा वाटतो?

मोहरमला माझी फजिती झालेली. नोकरीचं पहिलं-दुसरं वर्ष, फलकलेखन माझ्याकडं, मी रंगीत खडूनं फुलं-बिलं काढून झोकात लिहिलं, मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा. लेकराला सोडायला आलेले एक अब्बा फलकापुढं थांबले, कुणी नाही बघून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणले, "मॅडम, मोहरम की मुबारकबाद नै देते. गम का दिन है." मी डस्टर घेतलं. तेव्हापासून दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला त्या शुभेच्छा दिसतात आणि मला तो फलक आठवतो.

तर मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना, आणि त्याची दहावी तारीख दुखवट्याची. मोहम्मद पैगंबरांचे नातू इमाम हुसैन आणि त्यांच्यासोबतची माणसं इसवी सन ६८० मध्ये, आजच्या इराकमधल्या करबला इथं मारली गेली. त्याआधी त्यांचं पाणी तोडलं होतं. लहान लेकरांना लढाई सांगत बसू नका, तहान सांगा. त्यांना पाणी मिळालं नाही म्हणून आज रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पाणी आणि सरबत पाजतात, ते लेकराला बरोबर कळतं. आपल्याकडं तर सवाऱ्या उठतात, म्हणजे पंजे मिरवणुकीनं निघतात, अलाव्याभोवती (पेटवलेल्या खड्ड्याभोवती) फिरतात, चोंगे-मलिद्याचा गोड प्रसाद होतो, आणि कितीतरी गावांत सवारी धरणारं घर हिंदू असतं, नवसाची फकिरी घेतलेली पोरं कुठल्या जातीची ते विचारूच नका. सगळी मुस्लिम घरं सवारी मानतात असंही नाही बरं, काही घरांत फक्त रोजा धरतात, तेव्हा "मुस्लिम लोक असं करतात" म्हणण्यापेक्षा "आपल्या गावात असं करतात" म्हणा. २०२४ ला १७ जुलैला आणि २०२५ ला ६ जुलैला आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी आली. आमच्या दिंडीच्या तयारीत टाळ वाजवणारा पोरगा विचारत होता, मॅडम मी आधी दिंडीत येऊ का सवारीत जाऊ, आजोबा म्हणतात दोन्हीकडं हजेरी लावायची.

ईद-ए-मिलाद आणि उरसाचं फार नाही सांगत. मिलाद म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस, रबी-उल-अव्वलची १२ तारीख. उरूस तर आमच्या परभणीच्या लेकराला शिकवायची गरजच नाही, फेब्रुवारी लागला की तुराबुल हक दर्ग्याच्या उरसातले पाळणे आणि मौत का कुआँ यावरच वर्गात चर्चा असते, तो इंग्रजी तारखेनं भरतो म्हणून चंद्रासोबत सरकत नाही, हुशार लेकरू हे पकडतं. संभाजीनगरकडच्या शिक्षकांना खुलताबाद आहे, नांदेडकडं कंधारचा दर्गा आहे, तुमच्या जवळचं घ्या.

काही गोष्टी मात्र करूच नका. पैगंबरांचं चित्र काढायला सांगायचं नाही, नाटुकल्यात कुणाला पैगंबर करायचं नाही, इंटरनेटवर चित्र सापडलं तरी दाखवायचं नाही, इस्लाममध्ये हे फार गंभीर मानतात. चित्र हवं तर चंद्र, ईदगाह, खजुराचं झाड, शीरखुर्म्याचं पातेलं काढा, खुलताबादचा रस्ता काढा. रांगोळीत अल्लाहचं नाव किंवा ७८६ काढू नका, पायाखाली येतं. कापसाची दाढी चिकटवून, टोपी घालून "मुस्लिम" व्हायचं फॅन्सी ड्रेस बंद करा, वर्गात बसलेल्या लेकराचे आजोबा दिसतात तसे, तो काही वेश नाही. आणि हिरव्या कागदाचे चंद्र-ताऱ्याचे झेंडे बनवू नका. आमच्या एका मैत्रिणीच्या शाळेत बनवले, हौसेनं दोरीला लावले, रस्त्यावरच्या एकानं फोटो काढून दुसराच अर्थ लावून गावभर फिरवला आणि तिला आठ दिवस खुलासे देत फिरावं लागलं. कागदाचे कंदील करा, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चंद्र करा, आणि त्यांना रंग कुठलाही द्या, आमच्याकडं एकानं जांभळा चंद्र केला होता, तो अजून कपाटाला चिकटलेला आहे.

सुट्टीनंतरचा दिवस वाया घालवू नका, खरा पाठ त्याच दिवशी होतो. हजेरी झाली की वह्या काढायला लावायच्या, शेवटच्या पानावर ईदच्या दिवसाचं एक चित्र किंवा एक ओळ. तुम्ही दुरुस्त करू नका, ऱ्हस्व-दीर्घ तर मुळीच बघू नका. मागच्या खेपेला आलेल्या ओळी सांगते. "चंद्र ढगात होता पण पप्पाला फोन आला." "मला वीस रुपये भेटले दादाला पन्नास." आणि तो शेवयावाला पोरगा, आता दुसरीत गेलाय, त्यानं लिहिलं होतं, "आम्ही चार घरी शिरकुरमा खाल्ला. एका घरी साखर कमी होती पण मी सांगितलं नाही."